दहा रुपये दंड आणि नववं सूत्र

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, मार्च २०२५ मध्ये, लाखांदूर तालुक्यातल्या एका ग्रामसंघाच्या सचिव ताईंनी केलेलं हे भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केल्यामुळं ते जसंच्या तसं छापत आहोत.)



मला विषय दिला होता 'शासकीय योजनांची माहिती'. मी योजनांची यादी लिहून आणली होती. काल रात्री ती वाचून पाहिली आणि बाजूला ठेवली. अशा याद्या आपण पुष्कळ ऐकल्या. टाळ्या वाजवल्या, नाश्ता केला, घरी गेलो. म्हणून आज मी आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. योजना त्यातूनच निघतील.

आमच्या गटात एक ताई आहेत. नाव घेत नाही, पण त्यांना विचारूनच बोलत आहे. २०२३ चा ऑगस्ट महिना, रोवणीचे दिवस. त्यांचे मालक पऱ्हे उचलायला बांधीत उतरले आणि धुऱ्यावर सापानं चावलं. आधी गावातच झाडपाल्यात तास गेला. मग गाडी मिळवून दवाखान्याकडं निघाले, तर वाटेतच सगळं संपलं. गाडी अर्ध्या वाटेतून परत फिरवली. तेव्हा एकानं म्हटलं, पोस्टमार्टम करावं लागते, पोलिसात कळवावं लागते. आम्ही आठ-दहा बाया तिथं उभ्या होतो. आम्हीच म्हणालो, "आता गेलेल्या माणसाची चिरफाड कायले करता?" त्या बायांत मीही होते. संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले.

त्यानंतर त्या ताई चार बैठकांना आल्या नाहीत. गटाचा नियम आहे, गैरहजेरीला दहा रुपये दंड. मी सचिव. मी चारही वेळा त्यांच्या नावापुढं दहा रुपये लिहिले. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे, ही आपली पंचसूत्री. माझी वही चोख होती. ऑडिटला आलेल्या ताईंनी माझं कौतुक केलं होतं.

पुढं कळलं, की त्यांनी एका खासगी कंपनीचं तीस हजाराचं कर्ज घेतलं. तेरवीचा खर्च, मुलांची शाळा आणि रोवणीची मजुरी यात ते गेलं. दर पंधरा दिवसांनी वसुलीवाला दारात. गटात यायचं बंदच झालं.

मग आला २०२४ चा जुलै. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरायला अख्खं गाव लोटलं होतं. आम्ही ग्रामपंचायतीत मोबाईल घेऊन बसलो होतो. त्या ताई आल्या. मी सहज विचारलं, "मृत्यूचा दाखला आणलाय का? लागेल कुठं तरी." त्या म्हणाल्या, "कोनता दाखला? मले कोनी सांगितलंच नाही, ताई."

मृत्यूची नोंदच झाली नव्हती! अकरा महिने होऊन गेले होते. घर आमच्यापासून चौथं. आम्ही मयतीला गेलो, तेरवीला जेवलो, वाणही दिलं. कागदाचं एकीनंही विचारलं नाही.

बायांनो, त्या रात्री मी हिशेब केला. तो ऐका, कारण हाच आजचा विषय आहे.

पहिली गोष्ट. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. शेतकरी अपघातानं गेला तर घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. साप चावणं, वीज पडणं, विजेचा धक्का, बुडणं, हे सगळं अपघातात येतं. सातबारावर नाव असलंच पाहिजे असंही नाही. खातेदाराच्या कुटुंबातला नाव नसलेला एक सदस्यही त्यात धरतात. यांची जमीन सासऱ्यांच्या नावावर होती, तरी चाललं असतं. पण अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं ३० दिवसांत द्यायचा असतो, आणि मृत्यूचं कारण दाखवणारे कागद लागतात. आमच्याकडं ना पंचनामा, ना पोस्टमार्टम.

दुसरी गोष्ट. त्यांच्या मालकांचं जनधन खातं होतं. मी पासबुक मागवून पाहिलं. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस २० रुपये कापलेले दिसले. तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा होता. अपघाती मृत्यूला २ लाख. वीस रुपये भरत होता बिचारा, आणि घरात कुणाला माहीत नव्हतं. दावा करायला इथंही अपघाताचा पुरावाच लागतो.

म्हणजे चार लाख रुपये. "चिरफाड कायले करता" या आमच्या एका वाक्यानं घालवले. आम्ही मायेनंच बोललो होतो, पण नुकसान व्हायचं ते झालंच. म्हणून साप चावला, विहिरीत पडला, गाडीनं उडवलं, वीज पडली, काहीही होवो, आधी माणसाला सरकारी दवाखान्यात न्या. विषावरची लस तिथं मिळते, झाडपाल्यात तास घालवू नका. आणि जीव वाचलाच नाही, तर रडत रडत का होईना, पोलिसात खबर द्या आणि पोस्टमार्टम होऊ द्या. त्यात गेलेल्या माणसाची विटंबना नाही. मागं राहिलेल्या लेकरांसाठी तो त्याचा शेवटचा कागद आहे.

तिसरी गोष्ट, मृत्यूची नोंद. ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद केली तर काही अडचण येत नाही. त्यानंतर विलंब शुल्क, मग अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. तेरवी झाली की आठ दिवस उरतात, एवढं लक्षात ठेवा. आमच्या ताईंचं वर्ष भरायला तीन आठवडे होते. आम्ही धावपळ करून तेवढ्यात नोंद करून घेतली. त्या एका दाखल्यानं पुढची दारं उघडली.

ती दारं कोणती, ते आता सांगते.

राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजना. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला कमावता माणूस, वय १८ ते ५९, कोणत्याही कारणानं गेला तर एकदाच २० हजार रुपये मिळतात. अर्ज तहसीलमध्ये.

संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, दिव्यांग, मोठ्या आजारानं खिळलेले, अनाथ, अशांसाठी ही योजना १९८० पासून महाराष्ट्रात आहे. जुलै २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये. वय ६५ च्या आत, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत, दिव्यांगांसाठी ५० हजाराच्या आत, आणि महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा. ६५ च्या वरच्या गरीब म्हाताऱ्या माणसांना श्रावणबाळ योजनेतून तितकेच मिळतात. हे पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात.

इथं एक नीट ऐका. लाडकी बहीणचे १५०० आणि निराधारचे १५०० दोन्ही मिळत नाहीत. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीणमध्ये बसत नाही. यंदा तपासणीत नावं कमी झाली, ते तुम्ही पाहिलंच. लपवून दोन्ही घेऊ नका. नंतर घेतलेले परत मागितले तर आणणार कुठून?

आणि सगळ्यात कमी माहीत असलेली योजना म्हणजे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा बाप गेला, किंवा मोठ्या आजारानं अंथरुणाला खिळला, अशा मुलाला १८ वर्षांपर्यंत महिन्याला २२५० रुपये. हे २०२३ पासून वाढलेत, आधी ११०० होते. अर्ज भंडाऱ्याला जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. आमच्या ताईंना दोन मुलं आहेत. म्हणजे महिन्याला ४५००. ते मंजूर होईपर्यंत अकरा महिने फुकट गेले होते, आणि गेलेल्या महिन्यांचे पैसे मागून मिळत नाहीत. आमच्या गटातल्या चौघींना ही योजना ऐकून माहीत होती. त्या घरी जाऊन सांगावं, हे मात्र एकीलाही सुचलं नाही.

आता मला विचाराल, त्या ताई स्वतः का गेल्या नाहीत? मीही विचारलं होतं. त्यांनी जे सांगितलं ते तुमच्यापैकी कित्येकींच्या मनात असेल. त्या म्हणाल्या, "निराधार म्हणून नाव लिवायले लाज वाटे. मले दोन हात हायेत, सासू-सासरे हायेत, मी निराधार कशी?"

बरोबर आहे. शब्दच तसा आहे. पण मी त्यांना रोजगार हमीची गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, नाले-बंधाऱ्याच्या कामाला गेली. त्यांना फुकटचं धान्य नको होतं, काम हवं होतं. त्याआधी १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात याचा छोटा प्रयोग केला होता. दुष्काळानंतर १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. जो काम मागेल त्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य ठरलं. पैसा कुठून आणायचा? तर शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. शहरातल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या मजुराच्या हातात आला. पुढं २००६ मध्ये देशाचा कायदा आला, तेव्हा पहिल्याच टप्प्यात आपला भंडारा जिल्हा होता.

हे सांगण्याचं कारण असं, की ही भीक नाही. आपण साबणाची वडी घेतो, तेलाची पुडी घेतो, त्यात कर भरतोच. संकट आलं तर त्यातला वाटा मागायचा, यात लाज कसली? गटात आपण दहा जणी दर आठवड्याला बचत टाकतो आणि अडलेली बाई त्यातून उचलते. तिला कुणी भिकारी म्हणत नाही. सरकारी तिजोरी म्हणजे तसाच एक मोठा गट समजा.

पण मागायचं ते कागदावर मागायचं. उन्हाळ्यात मामा तलावाचं, पांदण रस्त्याचं काम हवं असतं. आपण रोजगार सेवकाला वाटेत गाठून तोंडी सांगतो, "काम काढा ना भाऊ." तोंडी मागणी मोजली जात नाही. लेखी मागणी द्या आणि तारखेची पोच घ्या. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क लागतो. पोच नसेल तर हक्क दाखवणार कशाच्या जोरावर?

हेच दाखल्यांचं. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा, ते ठरलेलं आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. मुदतीत मिळाला नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. म्हणून पावतीशिवाय अर्ज सोडून येऊ नका. आणि "पाचशे द्या, मी करून देतो" म्हणणारे भेटतात. आम्हालाही भेटले. त्यांना नमस्कार करायचा आणि पुढं जायचं. फक्त एकटीनं जायचं नाही. एकटी बाई टेबलासमोर उभी राहिली तर तिला "उद्या या" म्हणणं सोपं जातं. आम्ही चौघी गेलो तेव्हा खुर्च्या मिळाल्या.

मी गोड चित्र रंगवत नाही. दीड हजारात घर चालत नाही. पैसे कधी वेळेवर येतात, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. एखादीचं आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असतं आणि पैसे तिकडंच जाऊन पडतात. ते आपल्या बँक सखीकडून तपासून घ्या. आमच्या ताईंचं कंपनीचं कर्ज अजून फिटलेलं नाही. पण आता त्यांचे कुटुंब अर्थसहाय्याचे वीस हजार मिळाले आहेत, मुलांचे पैसे सुरू आहेत, लाडकी बहीणचे येतात, आणि सासूबाईंचा श्रावणबाळचा अर्ज दिला आहे. वसुलीवाला दारात आला की आता त्या आत लपत नाहीत.

बहिणींनो, आता मुद्द्यावर येते. आपली पंचसूत्री पुढं दशसूत्री झाली. आरोग्य, शिक्षण, पंचायत राजमध्ये सहभाग, शासकीय योजनांमध्ये सहभाग आणि शाश्वत उपजीविका. यातलं नववं सूत्र शासकीय योजनांचं. बैठकीत आपण दहाही सूत्रं म्हणतो. पण वहीत रकाने पहिल्या पाचांचेच आहेत. परतफेड राहिली तर आपल्याला त्याच दिवशी कळतं. एखाद्या सदस्याचा हक्क राहिला तर अकरा महिने कळत नाही. कारण तो रकाना आपण आखलेलाच नाही.

म्हणून आमच्या ग्रामसंघानं चार गोष्टी ठरवल्या. त्या या सभेनं सगळ्या गटांसाठी मान्य कराव्या, अशी माझी विनंती आहे.

एक. गैरहजर सदस्याला दंड लिहिण्याआधी दोघींनी तिच्या घरी जाऊन यायचं. घरी न जाता दंड लिहायचा नाही.

दोन. प्रत्येक सदस्याच्या घराचं एक पान. त्यावर लिहायचं : रेशनकार्ड कोणतं आहे, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का, सातबारा कुणाच्या नावावर आहे, आधार कोणत्या बँकेला जोडलंय, घरातल्या कुणाकुणाच्या खात्यातून विम्याचे २० किंवा ४३६ रुपये कापले जातात. ४३६ चा तो जीवनज्योती विमा, त्यात मरण कोणत्याही कारणानं आलं तरी २ लाख मिळतात. येत्या मे अखेर पुन्हा कापणी होईल, तेवढे पैसे खात्यात आहेत का ते आत्ताच बघून ठेवा. हे पान संकटाआधी भरायचं. संकटात कागद सापडत नाहीत.

तीन. कुणाच्या घरी मयत झाली की तेरवीनंतर तीन दिवसांत गटातल्या दोघींनी तिच्याबरोबर ग्रामपंचायतीत जायचं आणि मृत्यूची नोंद करायची. त्याच महिन्यात तहसील, मुलं लहान असतील तर भंडाऱ्याचं बालविकास कार्यालय, अपघात असेल तर तालुका कृषी कार्यालय. गाडीभाडं गटाच्या खर्चात टाकायचं.

चार. त्या महिन्यात तिचा हप्ता थांबवायचा, आणि ग्रामसंघाकडं जोखीम प्रवणता निधी आहे त्यातून तिला आधी विचारायचं. तो निधी कशासाठी दिलाय? वर्षानुवर्षं बँकेत जपून ठेवायला नाही. पहिल्या महिन्यात आपण पाच हजार दिले असते, तर तीस हजाराच्या कर्जाची पाळी कदाचित आली नसती.

यातली एकही गोष्ट करायला नवीन योजना लागत नाही, वरून आदेश लागत नाही. गाव आपलं, घर चौथं, पाय आपले.

शेवटचं एक. मी त्या ताईंना म्हटलं होतं, "तुमच्या नावापुढचे ते चार दंड मी खोडते." त्या म्हणाल्या, "खोडू नका ताई. राहू द्या. दुसरीच्या नावानं लिवतानी तुमाले आठवण राहील." ते दंड अजून वहीत आहेत. चाळीस रुपये मीच भरले. आणि त्याच पानावर मी लाल शाईनं नवा रकाना आखला आहे : 'घरी कोण गेलं?'

ही वही मी आज आणली आहे. जेवणाच्या सुट्टीत येऊन बघा, रकाना कसा आखलाय ते. आता या चार गोष्टी ज्यांना मान्य असतील, त्यांनी हात वर करा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.

(सभेत चारही ठराव हात वर करून मंजूर झाले. घराच्या पानाचा नमुना प्रत्येक ग्रामसंघाच्या लेखापाल ताईंकडं मिळेल. गटांनी पुढच्या मासिक बैठकीपर्यंत तो भरून घ्यावा.)